ऑपरेटरबाईंचा कान

टॅबलेटवर ऑपरेटरबाईंनी क्रोशाचा रुमाल घातला, तेव्हाच थोरल्याने ओळखायला हवं होतं की हा रविवार सरळ जाणार नाही.

जेवणं झाली होती, टेबल पुसून झालं होतं, आणि टेबलाच्या मधोमध साखरेच्या बरणीला टेकून तो नवा कोरा टॅबलेट उभा होता. थोरल्याने तो स्वतः निवडून आणला, स्वतः चालू केला आणि “आई, हा तुझा” म्हणून तिच्यासमोर मांडला. ऑपरेटरबाई उठल्या, आतून रुमाल घेऊन आल्या, चारी कोपरे जुळवून टॅबलेटवर घातला आणि परत खुर्चीत बसल्या. या घरात ज्या वस्तूला रुमाल मिळाला ती वस्तू कायमची निवृत्त झाली, असाच आजवरचा अनुभव होता. फळांचा रस काढायचं यंत्र तसंच गेलं, पाय चोळणारी पेटी तशीच गेली, आणि दोन्ही वस्तू थोरल्यानेच हौसेने आणलेल्या होत्या.

“धूळ बसते,” त्या म्हणाल्या.

“आई, आत्ता खोक्यातून काढलाय. धूळ बसायला त्याला वेळ तरी दे!”

थोरला विमा कंपनीत होता. समोरच्या माणसाला जी गोष्ट मुळीच नको आहे तीच त्याला कशी हवी आहे, हे पटवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“हे बघ, विजेचं बिल घरबसल्या भरता येईल.”

“बिल भरायला मी चालत जाते. तेवढेच पाय मोकळे होतात.”

“डॉक्टरांची वेळ घेता येईल.”

“त्यांच्याकडे फोनवर एक मुलगी असते. फार गोड बोलते. मी याच्यावरून वेळ घेतली तर तिच्याशी कोण बोलणार?”

“उद्या पाऊस आहे का ते आज कळेल.”

“उद्या कळलं तरी चालतं मला. खिडकी आहे की!”

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बाबा हसले आणि लगेच खोकला आल्याचं सोंग केलं. त्यांच्या मांडीवर त्यांचा स्वतःचा टॅबलेट होता, धाकट्याने वापरून टाकलेला, एका कोपऱ्यात तडा गेलेला. त्यावर त्यांचा जीव होता.

थोरली सून शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही तिला ते विसरता येत नसे. “आई, घाई नाही,” ती म्हणाली. “आज फक्त चालू करणं आणि बंद करणं. पुढच्या रविवारी मेसेज. त्याच्या पुढच्या रविवारी फोटो.”

“आणि परीक्षा कधी?” ऑपरेटरबाईंनी विचारलं.

इथे सगळेच हसले, थोरलीसुद्धा, पण तिचं हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं.

या घराण्याची एक रीतच होती म्हणा ना. खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं सांगायची. थोरल्याचं खरं कारण वीजबिल नव्हतं. तो दुसऱ्या गावी राहायला गेल्यापासून मायलेकांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘हो जेवलो’ एवढ्यावर संपायचं, आणि ठेवल्यावर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आईचा चेहरा बघायला मिळावा म्हणून त्याने टॅबलेट आणला होता. पण चाळिशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाने हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि ऑपरेटरबाईंचं खरं कारण बाहेर पॅसेजमध्ये होतं.

तिथे एका उंच स्टुलाशेजारी घरचा जुना फोन होता. ऑपरेटरबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांची ती मोठी पाटी, हातात वायरी, आणि तोंडात ‘हॅलो, बोला’. अर्ध्या शहराची प्रेमं, भांडणं आणि बाळंतपणाच्या बातम्या त्यांच्या हातून जोडल्या गेल्या. दुसऱ्यांच्या लाईनी जोडून घरी आल्या की रविवारी दुपारी त्या स्टुलावर बसून स्वतःची एक लाईन जोडायच्या. पलीकडे धाकटी बहीण असायची. बहिणीचं वय काहीही होवो, ऑपरेटरबाई तिला चिमणी म्हणायच्या, आणि ती यांना अक्का. लग्नं झाली, मुलं झाली, माणसं आली आणि गेली, पण रविवारची दुपार कधी चुकली नाही.

ती चुकायला लागली या उन्हाळ्यात. त्याआधीच्या एका रविवारी चिमणी फोनवर फार मोठमोठ्याने बोलत होती. ऑपरेटरबाईंचा कान म्हणजे त्यांचा दागिना. तो दुखला आणि त्या फटकन म्हणाल्या, “किंचाळतेस कशाला? मी काय बहिरी आहे?” पलीकडे एकदम सामसूम झाली. मग चिमणी म्हणाली, “बरं, ठेवते,” आणि ठेवला. त्यानंतर फोन केला की भाची उचलायची. आई झोपलीय. आई गच्चीवर गेलीय. आई बाजारात गेलीय. साहेब मीटिंगमध्ये आहेत, या वाक्याच्या साऱ्या तऱ्हा ऑपरेटरबाई नोकरीत कोळून प्यायल्या होत्या. त्यांना काय कळायचं बाकी राहिलं होतं? बहीण रुसली होती. आणि तिला रुसवणारं वाक्य स्वतःच्याच तोंडून गेलं होतं.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. रविवारी दुपारी त्या स्टुलावर जाऊन बसायच्या, फोन पुसायच्या आणि उठायच्या. तारेचा एक साधा फोन त्यांना त्यांच्या बहिणीपर्यंत पोचवत नव्हता, आणि पोरं म्हणत होती की आता बिनतारेचा घ्या.

*

धाकट्या सुनेने भांडी घासायला घेतली होती ती निव्वळ बाहेरच्या खोलीतून सुटका म्हणून. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर गेला होता. कुठल्याशा इमारतीत कोणीतरी अडकलं होतं, आणि नशीबवान होता बिचारा, धाकटीला वाटलं. अडकणारे तिकडे आणि इकडेही, पण तिकडच्यांना निदान बाहेर काढता येतं.

तिच्या पोटात गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, गिऱ्हाइकांची गुपितं ठेवायची तिला सवय होती. पण गिऱ्हाईक औषध घेऊन निघून जातं. हे गुपित सकाळ-संध्याकाळ सासूबाईंच्या समोर बसून चहा प्यायला लावत होतं.

ओट्यावर तिचा फोन वाजला. हात साबणाने भरलेले. नेमकी तेव्हाच थोरली कप घेऊन आत आली. दुसऱ्याचे मेसेज वाचू नयेत, असं ती शाळेत मुलांना दर वर्षी नवीन उत्साहाने सांगत असे. पण चष्मा डोळ्यांवर होता आणि अक्षरं मोठी होती.

“‘आई तयार होऊन बसलीय. केस पण विंचरून घेतले. तुमच्याकडे काय?’” थोरलीने वाचलं. “ही मावशींची मुलगी ना? आणि तयार होऊन बसलीय म्हणजे?”

धाकटीने नळ बंद केला नाही. उलट मोठा सोडला.

थोरलीने एकदा न विचारता घरचा सगळा फ्रीज आवरला होता; त्या फ्रीजच्या प्रकरणापासून या दोन जावांमध्ये गोड बोलण्यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. ‘तुम्ही बसा, मी करते’ आणि ‘छे, तू दमली असशील’, एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“ताई, मावशींना ऐकू येईनासं झालंय,” ती पाण्याच्या आवाजाखाली म्हणाली. “पार गेलंय. कानातलं यंत्र लावलं तर समोरच्याचं थोडंफार कळतं, पण फोनवर नुसती खरखर. म्हणून त्या फोनवर येत नाहीत.”

थोरलीने कप खाली ठेवला. “आणि आईंना वाटतंय...”

“की त्या रुसल्यात. हो.”

“मग सांगून टाकायचं की!”

“मावशींनी शब्द घेतलाय. आपल्या मुलीकडून, आणि तिने माझ्याकडून. त्या म्हणतात, अक्काला दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, मीच सांगणार, आणि तिचं तोंड बघून सांगणार. त्यांना ओठ हलताना दिसले की बोलणं समजतं. म्हणून तर आज टॅबलेट येणार म्हटल्यावर व्हिडिओ कॉल ठरवला.”

“शब्द तू दिलायस,” थोरली म्हणाली. “मी कुठे दिलाय?”

धाकटीचा चेहरा बघून तीच ओशाळली. “नाही गं, नाही सांगत. मावशींचंच आहे ते, त्यांनीच सांगायला हवं.” मग तिने बाहेर टेबलाकडे नजर टाकली. “आणि मी इकडे चालू करणं, बंद करणं, फोटो... तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही धड्याचा तक्ता केला असता.”

थोरलीला हे लागायला हवं होतं, पण तिला खुदकन हसू आलं. तिने बाह्या वर केल्या आणि घासलेली भांडी पुसायला घेतली.

“तुझे भाऊजी तर निरुपयोगी,” ती म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याबद्दल एवढं स्पष्ट ती या घरात प्रथमच बोलत होती. “ते अजून वीजबिलावरच आहेत. मला वाटतं, हे काम बाबांचं आहे.”

“बाबांनी एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. नंतर दोघं आठवडाभर माझ्यामार्फत बोलत होते.”

“शिकवायला नाही सांगायचं,” थोरली म्हणाली. “फिरवायला सांगायचं.”

*

बाबांनी जन्मभर बस चालवली होती. निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना भीती होती की हा माणूस घरात बसून कुढणार. पण धाकट्याने त्यांना तो तडा गेलेला टॅबलेट दिला आणि त्यावर रस्त्यांचे फोटो असलेला नकाशा दाखवला, आणि बाबांची नोकरी पुन्हा सुरू झाली. बोटाने ढकललं की रस्ता पुढे सरकायचा. कधीही न पाहिलेल्या शहरांतून ते खुर्चीत बसून गाडी हाकायचे. चौक आला की सवयीने आधी उजवीकडे, मग डावीकडे बघायचे. एकदा बोगद्यात शिरल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले होते, असं धाकटी शपथेवर सांगायची.

दोन्ही सुना एकदम येऊन खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या तेव्हाच ते सावध झाले. या दोघी एकत्र म्हणजे काहीतरी मोठं होतं. धाकटी त्यांच्या कानाशी वाकून चार वाक्यं बोलली. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, मग वेगळंच होऊन परत आलं.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “पत्ता सांग.”

जरा वेळाने त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली, “ऑपरेटर! जरा इकडे ये. तुझ्या बहिणीच्या गल्लीत गाडी आणलीय.”

“काहीतरीच तुमचं.”

“बेकरीच्या कोपऱ्यावरून वळलो बघ. गल्ली अरुंद आहे, पण बसते गाडी. लवकर ये, मागे हॉर्न वाजवतायत.”

ऑपरेटरबाई उठल्या त्या नवऱ्याला गप्प करायला. पण खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. समोर खरंच बेकरी होती. पुढे शिंप्याचं दुकान होतं, त्याच्या वरचा तो हिरव्या गजांचा सज्जा, आणि सज्ज्यात कुंड्या.

“थांबवा,” त्या म्हणाल्या.

बाबांनी ब्रेक मारल्यासारखं बोट उचललं.

सज्ज्यात एक बाई उभी होती. फोटो कधीतरी जुना काढलेला, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीने, आणि अशा फोटोंत माणसांचे चेहरे पुसट केलेले असतात. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा होता. पण बाई झाडांना पाणी घालत होती ते चहाच्या किटलीने.

“चिमणी आहे,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “झारीचं पाणी पायावर सांडतं म्हणते. कित्येक वर्षं किटलीने घालते पाणी.” त्यांनी नकळत हात पुढे केला आणि काचेवर बोट ठेवलं. चित्र जरासं हललं. “हाक मारता येते का हिला?”

“हा फोटो आहे. फोटोतली बाई कशी ओ देणार?”

“मग काय उपयोग तुमच्या यंत्राचा!”

“हाक मारायची असेल तर ती तिकडे मारायची,” बाबांनी रुमालाखालच्या टॅबलेटकडे हनुवटी केली. “त्यात ती ओ देते. आणि दिसतेसुद्धा.”

ऑपरेटरबाईंचा चेहरा उतरला. त्या टेबलाजवळ आल्या, रुमालाचं एक टोक हातात घेतलं आणि सोडलं. थोरला काहीतरी बोलणार होता, तोच त्या बोलल्या, आणि इतक्या हळू की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

“आणि तिने नाही उचलला तर?”

बाबांनी आपला टॅबलेट मांडीवर उलटा ठेवला.

“पॅसेजमध्ये माझी मी बसते,” त्या म्हणाल्या. “तिने नाही उचलला तर माझं मला माहीत. इथे तुम्ही सगळे रांगेने उभे. सुनांसमोर, मुलासमोर माझ्या बहिणीने मला झिडकारलेलं दिसणार. नको मला. चूक माझीच होती, पण त्याचा सिनेमा नको.”

थोरल्याला पहिल्यांदा कळलं की आपण गेला तासभर कुठल्या दारावर धडका देत होतो. ते दार बंद नव्हतंच. आतून कुणीतरी ते दाबून धरून उभं होतं. विम्याचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यातून निघून गेलं.

“आम्ही आत जातो, आई,” तो म्हणाला. “दार लावून घेतो. तिने नाही उचलला तर तू फक्त रुमाल परत टाक. आम्ही बाहेर आलो की चहा करू. कुणी विचारणार नाही.”

ऑपरेटरबाईंनी मुलाकडे बघितलं. इतकं शहाण्यासारखं तो पुष्कळ दिवसांनी बोलला होता.

“दार लावू नका,” त्या म्हणाल्या. “पण आत जा.”

धाकटीने रुमाल काढला, बोटाने दोन-तीन ठिकाणी टिचकी मारली, “हे हिरवं दाबायचं, बस” म्हणाली आणि पळाली. स्वयंपाकघराच्या दारात चौघं एकावर एक डोकी काढून उभे राहिले. आत जा म्हटलं होतं, म्हणून पाय आत होते.

*

ऑपरेटरबाईंनी केस कानामागे सारले आणि पाठ ताठ केली. ड्यूटीवर बसताना त्या अशाच बसायच्या. मग हिरव्यावर बोट टेकवलं.

घंटी वाजायला लागली. आवाज अनोळखी होता, पण घंटी ती घंटीच. एकदा. पुन्हा. पुन्हा. आणि मग तो छोटासा आवाज, जो त्यांना झोपेतही ओळखता आला असता. पलीकडे कुणीतरी उचलल्याचा.

त्याबरोबर त्यांनी तो एवढा मोठा टॅबलेट दोन्ही हातांनी उचलला आणि कानाला लावला.

“हॅलो, बोला.”

दारात थोरल्याने कपाळावर हात मारला. “आई, तोंड...” त्याला पुढे काही म्हणता आलं नाही, कारण थोरलीने त्याचं तोंड दाबलं होतं.

पलीकडून मग हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेनासं, मग खोलीभर. ते हसू लहानपणी एका पांघरुणाखाली ऐकलेलं होतं. इतक्या महिन्यांनी ते कानात शिरलं आणि ऑपरेटरबाईंनी टॅबलेट कानाला आणखी घट्ट दाबला.

“अक्का! अगं अक्का, मला तुझा कान दिसतोय! नुसता कान! केवढा मोठा!”

चिमणी इतक्या जोरात बोलत होती की बाबांच्या हातातला टॅबलेटही दचकला असता. कानाला ते सोसवेना.

“चिमणे, किं...” ऑपरेटरबाईंनी पुढचं गिळलं. जीभ चावली म्हणा. या वेळी तो शब्द तोंडाबाहेर जाणार नव्हता.

“कान काढ तो! तोंड दाखव! अक्का, मला ऐकू येत नाही गं आता. काही म्हणता काही येत नाही. तोंड दिसल्याशिवाय मला तुझं काही कळायचं नाही!”

ऑपरेटरबाईंनी टॅबलेट कानापासून दूर केला, हळूहळू, आणि समोर धरला.

चिमणी होती. केस सगळे पांढरे झालेले, नीट विंचरलेले, पण हसताना डावा डोळा मिटायचा तो अजून तसाच मिटत होता. ती पुढे वाकून बघत होती, शाळेत फळ्यावरचं वाचताना वाकायची तशी.

“कधीपासून?” ऑपरेटरबाई पुटपुटल्या.

“हळू बोल. ओठ नीट हलव.”

तेव्हा ऑपरेटरबाईंना आठवलं की हे तर आपल्याला येतं. एक्स्चेंजमध्ये पहिले काही महिने त्यांना तेवढंच शिकवलं होतं. एकेक आकडा सुटा, शेवटचं अक्षर गिळायचं नाही, घाई करायची नाही. त्यांनी श्वास घेतला.

“कधी. पासून?”

“आता कळलं!” चिमणीने टाळी वाजवली. “हळूहळूच गेलं गं. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग दाराची बेल गेली. मग टीव्ही. तू सगळ्यांत शेवटी गेलीस, अक्का.”

ऑपरेटरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, दोन्ही हात टॅबलेटला होते.

“मला सांगायचं नाही?”

“काय सांगायचं? तू आवाजावर जगलेली बाई. तुला कळलं असतं तर तू माझ्यासाठी ओरडायला लागली असतीस. एवढा गोड आवाज, तो मी बसवायचा? आणि कळत तर काहीच नव्हतं. तू गुडघ्याचं विचारणार आणि मी कुंड्यांचं सांगणार. त्यापेक्षा म्हटलं, झोपलीय म्हणून सांगा.”

“मला वाटलं तू रुसलीस.”

“मी? कशावरून?”

आता सुटका नव्हती. दारात चार डोकी होती आणि त्यांना हे सगळं ऐकू येत होतं. ऑपरेटरबाईंनी तरीही एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

“त्या दिवशी मी तुला म्हटलं, किंचाळतेस कशाला. मी काय बहिरी आहे, असं म्हटलं. आणि तू फोन ठेवलास.”

चिमणी आणखी पुढे वाकली. “पुन्हा सांग.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षाही अवघड गेलं.

“असं म्हणालीस तू?”

“हो.”

“अगं, पण मला कुठे ऐकू आलं!”

मग आधी चिमणीचा डावा डोळा मिटला, आणि मग ऑपरेटरबाई अशा हसायला लागल्या की टॅबलेट हातात राहीना. सबंध उन्हाळा त्यांनी ज्या वाक्याने स्वतःला खाल्लं, ते वाक्य बहिणीपर्यंत पोचलंच नव्हतं. कुठेतरी मध्येच तारेत पडून राहिलं होतं. दारात धाकटी हसत होती आणि रडत होती, आणि थोरलीने तिला खांद्याशी धरलं होतं. फ्रीजचं प्रकरण दोघींनाही आठवत नव्हतं.

हसू ओसरल्यावर ऑपरेटरबाईंनी मान वळवली. “थोरल्या, हे किती वेळ चालतं?”

“हवं तेवढा वेळ, आई.”

“मध्ये कुणी येऊन सांगत नाही? वेळ संपली, वाढवायची का, म्हणून?”

“कुणी नाही सांगत.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यात हे वाक्य त्याच घालत आल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. टॅबलेट पुन्हा साखरेच्या बरणीला टेकवला, चष्मा पुसला, आणि मग आवाज एकदम कडक झाला.

“चला, निघा सगळे. बाहेर पॅसेजमध्ये जा. दोन्हीकडचं बोलणं सुरू झालं की तिसऱ्याने लाईनवर थांबायचं नसतं. नियम आहे.”

“मी नवरा आहे तुझा,” बाबा म्हणाले.

“नवऱ्यांनी तर मुळीच नाही. आणि जाताना हा रुमाल न्या. त्या तिकडच्या फोनवर टाका.”

सगळे निमूटपणे निघाले. थोरला शेवटी होता. त्याच्या पाठीवर हाक आली.

“आज घरी पोचलास की यावर फोन कर मला. नुसतं जेवलो म्हणून ठेवायचं नाही. तोंड दाखव.”

“बरं, आई,” तो म्हणाला आणि पटकन बाहेर गेला. त्याचं नाक लाल झालं होतं, आणि थोरलीने ते बघूनही काही म्हटलं नाही.

बाबांनी जुन्या फोनवर रुमाल टाकला, चारी कोपरे जमतील तसे जुळवले आणि स्टुलावर बसले. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. अर्थात, कान दाराकडे होते.

आतून ऑपरेटरबाईंचा आवाज येत नव्हता. मुळीच नाही. धाकटीने फटीतून डोकावलं. सासूबाई टॅबलेटसमोर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ एकसारखे हलत होते, अगदी स्पष्ट, सुटे सुटे. आवाजाची आता गरजच उरली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“काय बोलतायत?” बाबांनी विचारलं.

“देव जाणे. आवाज बंद केलाय त्यांनी.”

पण चिमणीचा आवाज बंद नव्हता. तो आधीसारखाच दणदणीत होता आणि भिंतीतून आरपार येत होता.

“काय सांगतेस! थोरल्याने? तुझं तोंड बघायला आणला? टक्कल पडलं तरी?”

थोरल्याने डोक्यावरून हात फिरवला.

“अगं बाई! आणि दोघी सुना एकत्र? खरं म्हणतेस? फ्रीजनंतर?”

जावांनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी एकदम भिंतीला कान लावला. आत ऑपरेटरबाई न बोलता काहीतरी लांबलचक सांगत होत्या, आणि पलीकडून मध्येमध्ये हसू फुटत होतं. बाबांचं नाव निघालं तेव्हा ते स्टुलावरून उठून भिंतीपाशी आले. काही उपयोग झाला नाही. अर्धंच बोलणं ऐकू येत होतं, आणि तेही नेमकं नको ते अर्धं.

शेवटी चिमणीचा आवाज पुन्हा चढला. पॅसेजमधल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

“पुढच्या रविवारी पण ये, अक्का! पण येताना तोंड घेऊन ये, तो कान तिकडेच ठेव. भिंतीपलीकडच्यांना लागेल तो!”